मेळघाटात इंग्रजी शिकवायला : पोळ्यानंतरचा एक आठवडा

सोमवार : बडनेरा, परतवाडा, सेमाडोह, हरिसाल

मुंबईहून अमरावती एक्स्प्रेस मिळाली तर ती थेट अमरावतीत सोडते. विदर्भ एक्स्प्रेसने किंवा हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने आलात तर बडनेऱ्याला उतरायचं. तिथून अमरावती दहा किलोमीटर. अमरावतीच्या बसस्टँडवरून परतवाड्याला दिवसभर गाड्या आहेत, अंतर पन्नासेक किलोमीटर. धारणीची थेट एसटी मिळाली तर तीच घ्यावी, कारण परतवाड्याला गाडी बदलायची म्हटलं की दोन तास सहज जातात. काहीही झालं तरी दुपारी बाराच्या आत परतवाडा सोडलेलं बरं. पुढे घाट आहे, घाटानंतर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, आणि अंधार पडल्यावर फाट्यावरून आत गावात न्यायला काळीपिवळी मिळत नाही.

परतवाड्यात थोडी कामं उरकून घ्यावीत. आठवड्याभराची रोख रक्कम इथेच काढायची, तीही दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. पुढे एटीएम धारणीला आहे, पण त्यात पैसे असतीलच असं धरून चालू नये. कार्डशीट, चार रेघी वह्या, रंगीत खडूचे दोन डबे, जाड मार्कर, दोरी आणि कपड्यांना लावायचे चिमटे इथल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. पुण्याहून ओझं आणायची गरज नाही. चित्रकार्डं मात्र घरूनच तयार करून आणावीत. पोस्टकार्डाएवढी चाळीस पुरतात. एका बाजूला चित्र, मागे काही नाही. मागे शब्द लिहिला की मुलं चित्र बघायचं सोडून शब्द शोधतात, आणि शिक्षकही तोच वाचून दाखवायला लागतात.

परतवाड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. अचलपूर जवळ आलं की संत्र्याच्या बागा, झाडांवर आंबिया बहाराची हिरवी फळं. घटांगच्या चढणीवर साग सुरू होतो तो शेवटपर्यंत. सेमाडोह सिपना नदीवर आहे, त्यापुढे कोलकास, मग हरिसाल. परतवाडा ते धारणी शंभरेक किलोमीटर, पण वळणं आणि थांबे धरून तीन-साडेतीन तास लागतात. देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ च्या सुमारास झाले, त्यांत मेळघाट आहे. त्यामुळे रस्त्यात कुठेही उतरून फोटो काढणं, नाक्यावर हुज्जत घालणं हे इथे चालत नाही. रात्रीच्या वाहतुकीचे नियम बदलत असतात, ते नाक्यावर विचारून घ्यावेत.

पावसाळ्याच्या शेवटी या भागात एकच गोष्ट खरोखर धोक्याची : रपटे, म्हणजे नाल्यांवरचे ठेंगणे पूल. आतल्या गावांना जाणारे रस्ते नाल्यांवरून रपट्याने जातात, आणि वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गुडघाभर दिसलं तरी थांबायचं. गावातली माणसं थांबतात, आपणही थांबावं. पाणी बहुधा काही तासांत उतरतं.

कागदपत्रांचं काम महिनाभर आधीचं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं आणि ते बरोबर पंचायत समितीतून घ्यावं लागतं : हरिसाल धारणी तालुक्यात आहे, सेमाडोह चिखलदरा तालुक्यात. आश्रमशाळा असेल तर ती आदिवासी विकास विभागाची, तिथे धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी. सोबत पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि आधारची झेरॉक्स. मुलांसोबत काम करायचं तर दाखला मागितला जाणारच, आणि मागणाऱ्याचं मनापासून स्वागत करावं.

हाच आठवडा का, तर शेतीच्या वेळापत्रकामुळे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पोळ्यापर्यंत पहिलीची मुलं वर्गात रुळलेली असतात, निंदणाची घाई संपलेली असते आणि सोयाबीनची सोंगणी अजून लागलेली नसते. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, लहान मुलं सोबत जातात, आणि गाव पुन्हा भरतं ते होळीला. होळी हा इथल्या कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण. डिसेंबरात येणाऱ्या स्वयंसेवकाला हवा छान मिळते, पण पटावरची अर्धी मुलं मिळत नाहीत.

मंगळवार : फक्त बसायचं, ऐकायचं, मोजायचं

परिपाठाला हजर राहावं, मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली की नमस्कार करावा आणि मागे जाऊन बसावं. पहिल्या दिवशी शिकवायला उभं राहू नये. बहुतेक शाळा द्विशिक्षकी असतात. साठपर्यंत पट असला की शिक्षण हक्क कायद्याने दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. आपण काय शिकवू शकतो ते या रचनेवर ठरतं. एका खोलीत दोन वर्ग असताना आपला आवाज चढला की शेजारचा गणिताचा तास मोडतो. मोठ्याने करायच्या गोष्टी व्हरांड्यात नाहीतर झाडाखाली घ्यायच्या, हे पहिल्याच दिवशी गुरुजींशी ठरवून टाकावं.

दुपारनंतर एकेका मुलाला व्हरांड्यात बोलवून दोन मिनिटांची तपासणी करायची. दहा मोठी अक्षरं, दहा लहान अक्षरं, पाच सोपे शब्द, दोन छोटी वाक्यं. पुढे जमत नाही तिथे थांबायचं. ‘प्रथम’ संस्था ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत इंग्रजी असंच तपासते, आणि खेड्यातल्या शाळेसाठी याहून सुटसुटीत पद्धत माहीत नाही. त्यात आपली एक भर घालावी : तीन सूचना तोंडी द्याव्यात, स्टँड अप, टच युवर नोज, गिव्ह मी द पेन. वाचता न येणारी काही मुलं या तिन्ही सूचना बरोबर पाळतात. चौथीतली काही मुलं वाक्य वाचून दाखवतात आणि पेन मागितलं की गप्प उभी राहतात. ही दोन्ही माहिती वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी. पुढच्या दिवसांचे गट इयत्तेवरून नव्हे, या दोन रकान्यांवरून करायचे.

तपासणी व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोरच घ्यावी. बंद खोलीत एका मुलासोबत एकटं बसायचं नाही, हा नियम आठवडाभर पाळायचा.

मुलं घरी कोरकू बोलतात, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, तिचं नातं संथाली-मुंडारीशी, मराठीशी नाही. म्हणजे ‘मराठीतून इंग्रजी’ हा आपला हातखंडा इथे निम्माच चालतो. पहिलीतल्या मुलाला मराठीसुद्धा अजून शिकायची असते. अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ पासून देशोदेशी इंग्रजी शिकवायला जातात, आणि त्यांना कामावर पाठवण्याआधी सुमारे तीन महिने तिथली भाषा आणि राहणी शिकवतात, बहुधा तिथल्याच एखाद्या घरात ठेवून. आपल्याकडे आठवडाच असला तरी पहिली संध्याकाळ त्याच कामाला द्यावी. अंगणवाडी सेविका किंवा चौथीतली चुणचुणीत मुलगी उत्तम गुरू. मिया, बारी, अफई असं दहापर्यंत मोजायला शिकावं. ये, बस, ऐक, पुन्हा सांग, छान, पाणी, घर, कुत्रा, वाघ एवढं वहीत लिहून घ्यावं. आपण उच्चार चुकलो की मुलं दुरुस्त करतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलं आपल्यासमोर चुकायला कमी घाबरतात. आमच्या मते पूर्ण आठवड्यातली ही सगळ्यात फायद्याची तासभराची गुंतवणूक आहे.

बुधवार : कानाने शिकायचा दिवस

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पुस्तकं चांगली आहेत, पण बहुतेक वर्गांत सुरुवात अजूनही ए-बी-सी-डीच्या सुराने होते. मुलं तो सूर पाठ करतात, आणि मध्येच के कुठलं विचारलं की ए पासून पुन्हा म्हणत येतात. म्हणून आज फळा, पुस्तक, वही सगळं बाजूला. आज फक्त ऐकणं आणि करणं. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. नाव विसरलं तरी चालेल, पायऱ्यांचा क्रम विसरू नये.

पाच सूचना घ्यायच्या : स्टँड अप, सिट डाउन, वॉक, स्टॉप, टर्न. पहिली पायरी : आपण म्हणायचं आणि आपणच करायचं, मुलं बघतात. दुसरी : आपण म्हणायचं आणि सोबत मुलांनीही करायचं. तिसरी : आपण नुसतं म्हणायचं, हात खाली ठेवून, आणि मुलांनी करायचं. चौथी, जी बहुतेक नवे स्वयंसेवक गाळतात : सूचनांचा क्रम बदलायचा. स्टँड अपनंतर नेहमी सिट डाउनच आलं तर मुलं इंग्रजी ऐकतच नाहीत, क्रम पाळतात. स्टँड अप, टर्न, टर्न, स्टॉप, असं अनपेक्षित केलं की खरं ऐकणं सुरू होतं. पाचवी पायरी : एका मुलाने म्हणायचं, बाकीच्यांनी करायचं. बोलायची घाई इथवर करू नये. जे मूल म्हणायला तयार नाही त्याला फक्त करू द्यावं.

बिघडतं ते असं. शिक्षक तिसऱ्या पायरीला नकळत मान किंवा हात हलवतात, आणि मुलं कान सोडून डोळ्यांनी शिकतात. हात पाठीमागे बांधून उभं राहिलं की हे थांबतं. दुसरं, मागच्या रांगेतली मुलं पुढच्यांची नक्कल करतात. ओळीने बोलवावं किंवा मुलांना डोळे मिटायला लावून सूचना द्याव्यात. तिसरं, प्रत्येक सूचनेनंतर लगेच मराठी अर्थ सांगितला की मुलं इंग्रजी ऐकायचं सोडून मराठीची वाट बघतात. अर्थ अडलाच तर एकदा, एका मुलाकडून, कोरकूत सांगवून घ्यावा आणि लगेच पुन्हा इंग्रजीवर यावं.

वीस मिनिटांत पाच सूचना पुरे. दिवसभरात आठपेक्षा जास्त नवे शब्द नकोत. दुसऱ्या दिवशी त्यातले पाच आठवले तर दिवस सोन्याचा.

जेवणाच्या सुट्टीनंतर वस्तू घ्याव्यात. पोळ्याला केलेले मातीचे बैल अजून घरोघरी असतात. मुलांना आणायला सांगितलं की व्हरांड्यात बैलांचा कळप उभा राहतो, आणि इन, ऑन, अंडर शिकवायला याहून चांगलं साहित्य कुठल्याच शहरी दुकानात नाही. पुट द ऑक्स ऑन द बॉक्स. पुट द ऑक्स अंडर द बेंच. एका मुलाने लपवायचा, बाकीच्यांनी विचारायचं. तक्त्यांवरचा इग्लू, याक आणि झायलोफोन इथे काही कामाचा नाही. ॲक्स, ऑक्स, हेन, पॉट, कॉट, नेट, मॅट हे शब्द प्रत्येक घरात आहेत, छोटे आहेत, आणि पुढे वाचायलाही हेच लागणार आहेत.

व्हॉट इज युवर नेम हा प्रश्न सगळ्यांना येतो असं वाटतं. त्याच मुलीला शेजारणीकडे बोट दाखवून व्हॉट इज हर नेम विचारावं : उत्तर ठरलेलं, माय नेम इज. पाठांतर आणि समज यांतला फरक इथे उघडा पडतो. माय, युवर, हिज, हर हे चार शब्द चेंडू फेकत शिकवावेत. ज्याच्याकडे चेंडू, त्याने आधी स्वतःचं आणि मग डावीकडच्याचं नाव सांगायचं. सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं ते फक्त दोनदा. मग अर्धा वर्ग, मग एक ओळ, मग एकटं. सामुदायिक सुरात अडलेलं मूल अलगद लपतं.

गुरुवार : अक्षरांचा आवाज

आज गटवार काम. अक्षरं न येणाऱ्या गटाला एस, ए, टी, पी, आय, एन या क्रमाने घ्यायचं. ए ते झेड या क्रमाने गेलं की महिना उलटतो तरी एक शब्द वाचता येत नाही. या सहा अक्षरांत सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पॅन, सिट, निप असे शब्द पहिल्याच आठवड्यात तयार होतात, आणि शब्द वाचता आला की मुलाचा चेहरा बदलतो.

अक्षराचं नाव नाही, आवाज शिकवायचा. आणि इथे देवनागरी शिकलेल्या मुलांची एक ठरलेली अडचण येते. आपल्या व्यंजनात अ मिसळलेलाच असतो. मूल टी चा आवाज ट असा पूर्ण म्हणतं, पी चा प. मग ट-ॲ-प असं जोडताना टॲप-अ किंवा टापा असलं काहीतरी होतं, आणि मूल म्हणतं मला इंग्रजी येत नाही. उपाय मराठीतच आहे. पाय मोडलेलं अक्षर दुसरीच्या मुलालाही माहीत असतं : ट्, प्, स्, न्. फळ्यावर देवनागरीत पाय मोडून लिहावं, शेजारी रोमन अक्षर, आणि दोन दिवसांनी देवनागरी पुसून टाकावं. ॲ आणि ऑ मराठी वर्णमालेत आहेतच, त्यामुळे बॅट आणि बेट, पॉट आणि पोट हा फरक आपली मुलं इतर अनेक भाषांतल्या मुलांपेक्षा पटकन धरतात. त्याचा पुरेपूर फायदा घ्यावा.

आवाजांची दुरुस्ती किती करायची याला मर्यादा ठेवावी. टी आणि डी आपण टाळूला जीभ लावून म्हणतो. जगात ते सगळ्यांना समजतं, तिथे वेळ घालवू नये. व्ही आणि डब्ल्यूचा फरक मात्र करून घ्यावा : व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठ गोल, दात कुठेच नाहीत. एफ चंही व्ही सारखंच. फॅन म्हणताना ओठ पूर्ण मिटले तर चुकलं. छोटा आरसा एकमेकांकडे फिरवला की मुलं आपापलं तपासतात. बऱ्याच मुलांचा श हा स होतो, शिप आणि सिप एकच होतात. ओठांवर बोट ठेवून गप्प करतानाचा श्श आवाज सगळ्यांना येतो. तो लांब काढून त्याला इप जोडायला लावावं.

लिहिताना लहान बी आणि डी ची अदलाबदल होते, पुढे पी आणि क्यू चीही. देवनागरीत आरशातल्यासारखी उलटी अक्षरं नसतात, म्हणून मुलाच्या डोळ्यांना हा भेद नवा आहे. त्याला निष्काळजी म्हणू नये. दोन्ही हातांच्या मुठी करून अंगठे वर करायचे आणि मुठी बोटांकडून एकमेकींना भिडवायच्या : डावी मूठ बी, उजवी डी, मध्ये ई धरला की बेड. खाटेचं चित्र काढून भिंतीवर लावावं. आणि एका दिवशी बी, दुसऱ्या दिवशी डी असं करू नये. त्यांच्यात निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवायला गुरुजींना लिहून द्यावं.

वाक्य वाचणाऱ्या गटाची अडचण वेगळी. मराठीत क्रियापद शेवटी, कोरकूतही शेवटी. त्यामुळे आय मँगो ईट. व्याकरण समजावून हे सुटत नाही. दोरी बांधून तीन रंगांची कार्डं चिमट्यांनी लावावीत : लाल कोण, पिवळं काय करतो, निळं काय. लाल-पिवळं-निळं हा क्रम कायम ठेवायचा, फक्त कार्डं बदलायची. सहा लाल, सहा पिवळी, सहा निळी एवढ्यात दोनशेच्या वर वाक्यं होतात, त्यातली काही अर्थाला विचित्र (ऑक्स ईट्स पॉट), आणि तीच मुलांना सर्वांत जास्त आवडतात. ए, ॲन, द या आठवड्यात दुरुस्त करू नयेत. एका वाक्यात तीन चुका दाखवल्या की चौथं वाक्य मूल बोलत नाही.

शुक्रवार : बाजार, खिचडी, आकडे

आठवडी बाजाराचा दिवस गावागावात वेगळा. तो कुठला ते पोहोचताच विचारून घ्यावं, कारण त्या दिवशी दुपारनंतर हजेरी निम्म्यावर येते. त्या दिवशी नवीन काही घेऊ नये. व्हरांड्यातच दुकान मांडावं. मुलं घरून मक्याची कणसं, भेंडी, मिरच्या, कारली आणतात. हाऊ मच, टेन रुपीज, टू किलोज, गिव्ह मी, थँक यू, एवढ्या पाच तुकड्यांवर तासभर खरेदी चालते. खोट्या नोटा कार्डशीटच्या करून मोड परत द्यायला लावावी, गणितही होतं.

आकड्यांत ऐकून ठेवण्यासारख्या दोन गोष्टी. थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी यांत जोर कुठे पडतो ते हाताने टाळी देत करून घ्यावं : थर्टीनला शेवटी, थर्टीला सुरुवातीला. दुसरी गोष्ट आनंदाची. पंचवीस म्हणताना मराठीत पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी, म्हणून मुलं ५२ लिहून बसतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस पाच अशी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला तो याच कारणासाठी. इंग्रजीत ट्वेंटी-फाइव्ह बोलतात त्याच क्रमाने लिहितात. वीसच्या पुढे इंग्रजी आकडे मराठीपेक्षा सोपे आहेत, हे मुलांना मोकळेपणाने सांगावं. इंग्रजीत काहीतरी सोपं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

पोषण आहाराची खिचडी मुलांसाठी असते. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ हिशेबाने येतो. आग्रह झाला तरी आपलं ताट वेगळं ठेवावं. जिथे मुक्काम आहे तिथे डाळ, तेल, साखर, कांदे आल्या दिवशीच आणून द्यावेत आणि निघताना पैशांचं वेगळं बोलावं. जेवण ज्वारीची किंवा मक्याची भाकर, वरण, कधी कुटकीचा भात, ठेचा. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगावं, कोणी वाईट मानत नाही. पाणी उकळून प्यावं. मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं, म्हणजे डास आणि मण्यार दोघांपासून सुटका. रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि बूट. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर रक्त तपासून घ्यावं आणि मेळघाटातून आलोय हे डॉक्टरांना न विसरता सांगावं.

शनिवार : सकाळची शाळा, मग गुरुजींसोबत

शनिवारी शाळा सकाळची. दोन तास खेळ, गाणी, कालचं दुकान पुन्हा. खरं काम दुपारी. आपण मंगळवारी नसणार, गुरुजी आणि मॅडम असणार. म्हणून जे काही केलं ते त्यांना करता येईल असं आहे का, हे त्यांच्यासोबत बसून तपासावं. काही शिक्षक गावात राहतात, काही धारणीहून किंवा परतवाड्याहून अपडाऊन करतात; अपडाऊनवाल्यांची शेवटची गाडी लक्षात घेऊन वेळ ठरवावी.

त्यांना उपदेश नको असतो. ते इथे वर्षानुवर्षं आहेत, निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी सांभाळून शिकवतात. विचारायचं ते हे : आठवड्यात इंग्रजीला मोकळी पंधरा मिनिटं कुठे मिळतील? बहुधा उत्तर येतं, परिपाठानंतर. मग पंधरा मिनिटांचेच तुकडे करावेत. पाच मिनिटं सूचना, पाच मिनिटं रंगीत कार्डं, पाच मिनिटं वाचन. एका तासाचा सुंदर पाठ लिहून दिला तर तो कपाटात राहतो.

उच्चारांची भीती शिक्षकांनाही असते. त्यांच्या मोबाइलमध्ये एकेका मिनिटाचे ध्वनिमुद्रण करून ठेवावं, पंधरा पुरेत, ब्लूटूथने द्यावं. २०१६ मध्ये हरिसालला डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं गेलं, पण आतल्या पाड्यांत नेटवर्कवर चालणारं काहीही शिफारस करू नये. शक्य असेल तर त्यात शिक्षकांचाच आवाज घ्यावा. मुलं त्यांचा आवाज रोज ऐकणार आहेत.

विदर्भाच्याच मातीत, वर्ध्याला, १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि मातृभाषेतून, हाताच्या कामातून सात वर्षांचं शिक्षण हा विचार देशापुढे आला. इंग्रजी शिकवायला आलेल्याने तो डोक्यात ठेवावा. मेळघाटातल्या मुलीला इंग्रजी हवी आहे, तिच्या बापाला ती आणखी हवी आहे, आणि ती चांगलीच मिळायला हवी. पण तिची कोरकू वर्गाबाहेर ठेवून नव्हे.

रविवार

सुट्टी. चिखलदऱ्याला जायचं असेल तर सेमाडोहवरून वाहन ठरवावं लागतं. भीमकुंड या दिवसांत भरून कोसळत असतं, कॉफीची लागवड बघता येते. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांकडून घेतला तो किल्ला. पावसात दगड निसरडे असतात, पायात चांगलं काहीतरी हवं. नाहीतर गावातच थांबावं, पालकांना भेटावं. मुलीच्या आईला तिच्यादेखत सांगावं की ही दहा वस्तूंची नावं इंग्रजीत सांगते, आणि मुलीला सांगायला लावावं.

सोमवार : पुन्हा मोजणी, मग परत

सकाळी मंगळवारचीच तपासणी, त्याच कागदावर, वेगळ्या शाईने. अक्षरांच्या रकान्यात फार फरक दिसत नाही, सहा-आठ अक्षरांचा. सूचना ऐकून करण्याच्या रकान्यात बहुतेक सगळी मुलं पुढे सरकलेली असतात. एका आठवड्यात जे होतं ते एवढंच. हे आकडे फुगवून लिहिले तर पुढच्या स्वयंसेवकाचं नुकसान होतं, कारण तो दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करायला जातो.

शाळेत ठेवून यायच्या गोष्टी : तपासणीचा कागद, चित्रकार्डं, रंगीत कार्डांची दोरी, आरसे, आणि एक वही. वहीत बारा आठवडे, दर आठवड्याला एक पान : पाच सूचना, आठ शब्द, तीन अक्षरं, एक खेळ. टॅब, प्रोजेक्टर असलं काही देऊ नये. बिघडलं तर दुरुस्तीला परतवाडा गाठावं लागतं आणि नोंदवहीत त्याचा हिशेब मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडतो. चॉकलेटं, पेनं, जुने कपडे वाटू नयेत. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो शाळेच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत. वर्गाला फोटो हवाच असेल तर त्याची प्रिंट काढून पोस्टाने शाळेलाच पाठवावी.

परत यायच्या तारखेचं खोटं सांगू नये. येणार नसाल तर नाही म्हणावं, आणि त्याऐवजी महिन्यातून एकदा शिक्षकांना फोन करायचा वार ठरवून घ्यावा. पहिल्या फोनला विचारायचा प्रश्न : बी झाला, डी सुरू केला का? एसटी फाट्यावर दुपारी येते ती कधी अर्धा तास आधी, कधी तासभर उशिरा. वही मॅडमच्या हातात देऊन वेळेआधीच निघावं, चिखलात बॅग घेऊन चालायला वेळ लागतो.